वरच्या खोलीतलं वावर

कूलरच्या जाळ्या उघडून जुनी खस काढायला बसलो की आमच्या घरात उन्हाळा लागतो, मग कॅलेंडर काहीही म्हणो. परवाच्या रविवारी बसलो. गेल्या वर्षीची खस हातात चुरत होती, टाकीच्या तळाला पांढरा क्षार धरला होता, आणि तो खरवडता खरवडता मला राग येऊ लागला. खसेचा नाही, गेल्या उन्हाळ्याचा. वर्ष होत आलं, तरी तो आठवला की माझा जळफळाट होतो. जळफळाट हाच शब्द बरोबर आहे, त्याला गोंडस नाव द्यायची माझी इच्छा नाही.

हुडकेश्वरच्या आमच्या घरात कूलर एकच, जुना, लोखंडी पत्र्याचा. तो ज्या खोलीच्या खिडकीला लागतो, त्या खोलीचा त्या वर्षी घरात मान. मुलगी झाली तेव्हा तो बाळंतिणीच्या खोलीला होता. तीच मुलगी, आता होस्टेलला असते ती, प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती तेव्हा तिच्या टेबलापाशी होता. गेल्या वर्षी मात्र चौघांनी धरून तो जिना चढवला आणि वरच्या खोलीला लावला. तिथे माझा धाकटा भाऊ नीलेश राहत होता, आणि त्याच्यासोबत त्याचा नवा मॉनिटर. खाली मी आणि माझी बायको वर्षा पंख्याखाली, ओला पंचा अंगावर घेऊन.

नीलेश पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायचा. दिवसा काम, संध्याकाळी गेम, आणि दोन्ही त्याच एका पडद्यावर. ओएलईडी म्हणतात त्याला, हे मला त्यानेच सांगितलं. खोकं उघडलं त्या दिवशी वर्षा हळदीकुंकवाचं ताट घेऊन वर गेली. आमच्याकडे नवी वस्तू आली की तिला कुंकू लागतं. फ्रिजला लागलं, गाडीला लागलं, मिक्सरलाही लागलं. तिनं बोट पुढे केलं आणि नीलेश असा ओरडला की ताटातली ज्योत हलली.

"वहिनी, पडद्याले नका ना लावू!"

"मंग कुठं लावू, भाऊजी? याले तं चौकटच नाही."

खरंच नव्हती. या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसता पडदा. शेवटी त्याला मागच्या बाजूला, वायरी लागतात तिथे, कुंकू लागलं. मला ते फार आवडलं. पाठीला कुंकू लावून घेणारा पाहुणा घरात कितीसा रुळणार, असं मला वाटलं होतं.

तो रुळला नाही, त्यानं राज्य केलं. त्याला बोट लावायचं नाही, फवारा मारायचा नाही, पुसायचं तर त्याच्यासोबत आलेल्या मऊ फडक्यानंच. खिडक्यांना काळं कापड, कारण उजेड पडला की पडद्यात आपलंच थोबाड दिसतं. कूलरचं तोंड जरा तिरपं, म्हणजे वारं माणसाला लागेल आणि दमट हवा पडद्यावर जाणार नाही. काम संपल्यावर तो बंद केला तरी लगेच मेन बटण दाबायचं नाही, कारण आतल्या आत त्याची काहीतरी साफसफाई चालते. वर्षानं एकदा सवयीनं बटण दाबलं, तर नीलेशचं तोंड दोन दिवस फुगलेलं. मी फर्स्ट शिफ्ट करून हिंगण्याहून कंपनीच्या बसनं घरी येतो, भर उन्हात, दुपट्ट्यानं तोंड बांधून, तेव्हा माझ्या साफसफाईची एवढी काळजी कोणी केल्याचं मला आठवत नाही.

आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे त्यावर एकच चित्र फार वेळ ठेवायचं नाही. ठेवलं तर ते हळूहळू उमटतं आणि मग जात नाही. म्हणून खालची पट्टी लपवलेली, मागे कुठला फोटो नाही, सगळं काळं. नीलेश पाणी प्यायला उठला तरी पडदा विझवून उठायचा. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, माणसांचं उलट आहे. जो माणूस वर्षानुवर्षं समोर असतो तो उमटत नाही, तो दिसेनासा होतो. हे मी नीलेशला बोललो नाही. बोललो असतो तर तो म्हणाला असता, दादा, तू काहून एवढा सिरीयस होऊन राहिला.

खरं दुखणं पुढेच आहे. ते बाबांचं.

आमचे बाबा शेतकरी. आई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले, पण उमरेडकडच्या गावी वावर अजून आहे, आणि कापूस-तुरीच्या दिवसांत ते सकाळची एसटी धरून जातातच. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सगळे म्हणत, मोतीबिंदूचं ऑपरेशन हिवाळ्यात करावं. बाबा ऐकत नव्हते. "हिवाळ्यात तूर असते, हरभरा असते, कापूस वेचाचा असते. डोळा कोन सांभाळन? उन्हाळ्यात वावर रिकामं, तं मानूस रिकामा." त्यांच्या हिशेबात शरीराची डागडुजी हे बांधबंदिस्तीसारखंच उन्हाळ्याचं काम. एका उन्हाळ्यात एक डोळा, पुढच्या उन्हाळ्यात दुसरा. तेही त्यांनीच ठरवलेलं.

तर गेल्या उन्हाळ्यात उजवा डोळा झाला. धंतोलीत, डोळ्यांच्या दवाखान्यात, नंबर लावला मी. सुट्या टाकल्या मी. विदर्भभरातून आलेल्या माणसांनी भरलेल्या त्या बाकांवर, कोणाच्या डब्यातल्या लोणच्याचा वास घेत, तासन् तास बसलो मी. दवाखान्याचा काळा चष्मा लावलेल्या बाबांना स्कूटरवर मागे बसवून, प्रत्येक खड्डा चुकवत घरी आणलं मी. थेंब टाकले मी. आंबट नको, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नको, असे शेजारपाजारच्या बायकांनी सांगितलेले आणि डॉक्टरांनी न सांगितलेलेही सगळे पथ्याचे नियम पाळून घेतले मी. त्या दिवसांत त्यांच्या उजव्या डोळ्यावर माझा सातबारा होता असं म्हटलं तरी चालेल.

आणि पट्टी निघाल्यावर, दोन-चार दिवसांत जरा बरं वाटू लागल्यावर, तो डोळा घेऊन बाबा सरळ वर गेले.

झालं असं की वर कूलर होता. दुपारी खाली तापायचं, म्हणून मीच म्हटलं, बाबा, वर पडा थोडं. मीच म्हटलं, हे मी आजही विसरू शकत नाही. बाबा वर जाऊन पडले, नीलेश काम करत होता, अंधाऱ्या खोलीत तो पडदा समोर. वर्षानुवर्षं सगळं पिवळट धुक्यातून पाहिलेल्या माणसाला नव्या डोळ्यानं पहिल्यांदा खराखुरा रंग दिसला तो माझ्या तोंडावरचा नाही, माझ्या घराच्या भिंतीवरचा नाही. तो त्या मॉनिटरवरचा.

मी शिफ्टवरून आलो तेव्हा बाबा खाली नव्हते. वर गेलो तर दोघं शेजारी शेजारी बसलेले, बाबा पडद्याकडे झुकून.

"हे अक्षराच्या बाजूनं हिरवं काय दिसून राहिलं गा?" बाबा विचारत होते.

नीलेश खुर्चीतून उठलाच. "तुमाले ते दिसून राहिलं? बाबा, अहो ते बारीक ठिपक्यांच्या मांडणीमुळं येते. लोकाइले सांगून पन दिसत नाही!"

"दिसते ना. हिरवी किनार आहे. लुगड्याले असते तशी."

मी माझा चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. मला काही दिसलं नाही. अक्षरं काळी होती आणि मला ती काळीच दिसली. तो डोळा मी आणून दिला होता, आणि मला न दिसणारं तो नीलेशसोबत पाहत होता.

मग रोजचंच झालं. दुपारचं जेवण झालं की बाबा जिन्याच्या पायऱ्या एकेक चढून वर. नीलेशचं काम चाललं असलं तरी त्यांना चालायचं. नुसतं पाहत बसायचे. पण काम संपून गेम लागला की त्यांची खरी वेळ. मी खाली माठातलं पाणी पीत बसलेला, आणि छतातून नीलेशचं हसणं आणि बाबांचं "हाव, हाव" ऐकू यायचं. माझ्याशी बाबा कधी इतकं बोलले नव्हते. माझ्याशी ते बोलतात ते गॅस आला का, खत मिळालं का, एवढंच. मी मोठा मुलगा, कामाचा माणूस.

नीलेश बोलवायचा, नाही असं नाही. "दादा, बस ना पाच मिनिटं." मी म्हणायचो, "मले कामं आहेत." कामं काहीच नसायची. खाली येऊन मी फ्रिज उघडायचो आणि बंद करायचो.

एकदा ताक द्यायच्या निमित्तानं दारात थांबलो. पडद्यावर गाड्यांची शर्यत चालली होती. कुठल्या तरी परक्या देशातला रस्ता, संध्याकाळची वेळ, दोन्ही बाजूंना शेतं. मी पाहिलं आणि मलाही कबूल करावं लागलं, ते काळं निराळंच होतं. आमच्या हॉलमधल्या टीव्हीत अंधार राखाडी दिसतो. इथे आभाळ होतं तिथे काहीच नव्हतं, आणि त्यात एकेक दिवा वेगळा. नीलेशनं बाबांना समजावलं होतं की इथं काळं म्हणजे तो ठिपकाच बंद, उजेड नाहीच. आणि बाबांनी त्याला समजावलं होतं की आपली काळी जमीन पण भर उन्हात राखाडीच दिसते, सांजच्याले वखरल्यावर पाह्य, मग काळं काय ते कळते. हे संभाषण मला वर्षानं सांगितलं. मला ते बाबांनी कधीच सांगितलं नव्हतं, आणि मी त्या जमिनीत त्यांच्यामागे चालत मोठा झालोय.

"थांब थांब," बाबा एकदम म्हणाले, "गाडी थांबव."

नीलेशनं भर शर्यतीत गाडी थांबवली. बाकीच्या गाड्या सूं सूं करत पुढे निघून गेल्या.

"कोनतं पीक आहे गा हे?"

"बाबा, ते खोटं आहे."

"खोटं असलं तरी पेरलं तं असनच ना कोनी."

नीलेश हसला, आणि मला तो हसला याचाही राग आला. मग त्यानं हातातलं ते बटणांचं यंत्र बाबांच्या हातात दिलं. बाबांनी गाडी सुरू केली, रस्ता सोडला आणि सरळ शेतात घातली. शेताच्या टोकापर्यंत गेले, वळले, अगदी लगतची रेघ धरून परत आले. पुन्हा टोक, पुन्हा वळण. लाल रंगाची, जमिनीला टेकलेली, जगातली बहुधा सगळ्यात जोरात पळणारी गाडी, आणि आमचे बाबा तिनं वखर हाकत होते. वळणावर तोंडानं आवाजही काढत होते, बैलांना काढतात तो. नीलेश पोट धरून हसत होता. बाबाही हसत होते. दात नसलेलं ते हसू मी आई असताना पाहिलं होतं, त्यानंतर नाही. माझ्या हातातलं ताक तसंच होतं. मी ते दाराजवळ ठेवलं आणि खाली आलो.

नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ दिवसांच्या भट्टीत, आमच्याकडे वीज जायची. सगळी कॉलनी गच्चीवर येऊन वीजवाल्यांच्या नावानं ओरडायची, आणि मी एकटा खूश. वीज गेली की पडदा गेला, पडदा गेला की बाबा खाली. घामानं निथळत, पुठ्ठ्यानं वारा घेत ते माझ्याजवळ बसायचे. मी कैरीचं पन्हं करून द्यायचो, साखर जरा जास्त घालून. पण त्यांचं लक्ष जिन्याकडे. "आली का गा लाईट?" एवढंच. नीलेशनं मग इन्व्हर्टर आणला. भावाचं कौतुक करायला हवं होतं. मी त्याला विचारलं की आवाज फारच करते ना हा.

तपासणीला धंतोलीला गेलो तेव्हा माझा शेवटचा डाव होता. मी डॉक्टरांना बाबांसमोरच विचारलं, मुद्दाम काळजीच्या स्वरात, "डॉक्टर, दिवसभर स्क्रीन पाहतात हे. डोळ्यावर ताण येत असेल ना?" मी तोंड असं केलं होतं की कुठल्याही समजदार माणसानं होच म्हणावं.

डॉक्टर म्हणाले, "पाहू द्या हो. पाहण्यासाठीच तर केलं." बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण काळ्या चष्म्याखाली त्यांचे ओठ हलले ते मला दिसले.

मग कंपनीनं नीलेशला पुण्याला बोलावलं, घरून काम बंद. त्यानं मूळ खोकं जपून ठेवलं होतं, थर्माकोलसकट. मॉनिटर त्यात बसवला तेव्हा बाबा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून सूचना देत होते. हळू, भिंतीले लागन, आडवा नको धरू. मी आयटीआयला शिकायला घर सोडलं तेव्हा बाबा वावरात होते. येऊ शकले नाहीत, पिकातली डवरणी चालू होती. त्यात त्यांची चूक काही नव्हती, पण त्या दिवशी मला ते आठवलं ते आठवलंच.

मला वाटलं होतं, तो गेला की बाबा माझे. तसं झालंही. सबंध पावसाळा, हिवाळा बाबा खाली होते, किंवा गावी होते. बोलणं तेवढंच, गॅस आणि खत. वरची खोली बंद. खिडक्यांचं काळं कापड मी एका रविवारी काढून टाकलं, त्याचे पाय पुसायचे तुकडे झाले.

परवा खस भरून झाली. यंदा कूलर बाबांच्या खोलीला लावला, खालच्या. पाइपानं टाकीत पाणी भरत होतो, बाबा खाटेवर बसून पाहत होते. ओल्या खसेचा वास सुटला आणि मला जरा बरं वाटलं. मी म्हटलं, "बाबा, वावर रिकामं झालं आता. दुसऱ्या डोळ्याचं उरकून घेऊ. उद्या जाऊन धंतोलीत नंबर लावतो."

बाबा म्हणाले, "राहू दे गा. एका डोळ्यावर भागते. आता इथं पाहाचं काय आहे?"

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. जेवण झालं आता भात नको, असं सांगावं तसं ते म्हणाले. मी पाइप तसाच धरून उभा. पाणी टाकीबाहेर वाहून माझ्या पायावर आलं. गेल्या उन्हाळ्यात जळलो ते सगळं या वाक्यापुढे काहीच नव्हतं.

"मी आहो ना, बाबा," मी म्हटलं. इतकं बालिश वाक्य मी लहानपणीही बोललो नसेन.

बाबा खाटेवर जरा सरकले. मग म्हणाले, "नळ बंद कर. इकडे ये. बस."

मी खाटेवर बसलो. त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि उजवा, नवा डोळा माझ्या तोंडाजवळ आणला. बियाणं हातात घेऊन पाहतात तसं ते पाहत होते, घाई न करता. मला नजर कुठे ठेवावी ते कळेना.

"तुह्या दाढीले पांढरं कधी आलं गा?"

"झाले की चार-पाच वर्षं."

"आन हे डोळ्याखाली?"

"झोप होत नाही बाबा शिफ्टची."

त्यांनी अंगठ्यानं माझ्या डोळ्याखालची कातडी जरा ओढून पाहिली. बोटाला मातीचा नाही, तंबाखूचा वास होता. "म्हातारा होऊन राहिला तू," ते म्हणाले. "मले कोनी सांगितलंच नाही." मग पुन्हा पाहत राहिले, आणि बऱ्याच वेळानं हात खाली घेऊन म्हणाले, "लाव नंबर. या डोळ्यानं नीट दिसते, त्यानं धुकं येते मधात."

मी बाहेर आलो आणि पहिलं काम काय केलं असेल, तर नीलेशला फोन. चांगुलपणानं नाही. जळू दे त्यालाही थोडं, म्हणून. सगळं सांगितलं, तिखटमीठ लावून. डोळ्यावर हात धरून कसं पाहिलं, अंगठा कसा लावला, काय म्हणाले.

"दादा," तो म्हणाला, "सारा उन्हाळा माह्या बाजूले बसले ते. एकदाही माह्याकडे नाही पाहिलं. मी शर्यत हारून राहिलो होतो ना रोज, ते त्यांच्या तोंडाकडे पाहून पाहून. आन ते पडद्याकडे."

कूलरचा पंप आत घरघरत होता. मी म्हटलं, "ऑपरेशनच्या दिवशी येजो. पट्टी सुटन तेव्हा त्यांच्यासमोर बसजो तू." आणि फोन ठेवता ठेवता, राहवलं नाही म्हणून, आणखी एक सांगितलं. "मॉनिटर तिकडंच ठेवजो."